प्रतीकात्मक ताबा

नोटीस दाराला ज्या डिंकाने चिकटवतात तो हलका असतो.
खोबरेल लावून रात्रभर ठेवलं
की सकाळी अख्खी सुटते, एक अक्षर न फाटता.
हे लॉ कॉलेजात कुणी शिकवलं नाही,
शिकवलं सुगंधा खरटमल यांनी,
कन्नमवार नगर, तळमजला, दोनशे पंचवीस चौरस फूट.
दुधाच्या पिशवीत घालून आणली होती त्यांनी,
तेलाने आरपार झालेली,
मागचा शिक्का पुढून उलटा दिसत होता.

"मॅडम, ताबा घेतला म्हणतात. कधी घेतला?
मी घरातच होते. कुकर लावत होते."

मी म्हटलं, हा प्रतीकात्मक ताबा.
घर कागदावर बँकेचं, कुकर अजून तुमचा.
"मग मीपण हप्ता प्रतीकात्मक भरते की."
रुबीनाला हसू आवरेना. मला आवरावं लागलं.

कुर्ल्यात पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस.
आमच्या प्रत्येक अर्जावर थोडी ज्वारी असते.
न्यायाधिकरणातला कारकून बोटं झटकतो,
"आले का गिरणीवाले."

सोमवारी फायली जमिनीवर मांडतो. चाळीस, बेचाळीस.
वकील आम्ही चौघं, आणि सिल्वेस्टर,
जो वकील नाही, बँकेतून निवृत्त झालाय,
आणि बँक कुठे काय पुरते ते त्याला वासावरून कळतं.
कुणाचे साठ दिवस सरलेत, कुणाचे चार उरलेत.
ही घ्यायची. ही नाही.
लेटरहेडवर मी संचालक.
खरं काम एवढंच,
कुणाच्या दारापर्यंत आपण पोचणार नाही ते ठरवणं
आणि तो फोन स्वतः करणं.

माझ्या खणात एक किल्ली आहे.
मानखुर्दच्या युनूस बागवानांची.
बँकेने नवं कुलूप घातलं त्या दुपारी
त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली,
"आता कशाला लागते. असू द्या तुमच्याकडे."
पंचेचाळीस दिवसांत दाद मागायची होती.
मी मोजताना सुट्ट्या वजा केल्या.
कायदा करत नाही.

खरटमलांच्या खात्याचा उतारा एकोणीस पानी.
तिसऱ्या पानावर, कर्ज मिळालं त्याच तारखेला,
अठरा हजार चारशे वजा, पुढे चार इंग्रजी अक्षरं.
सिल्वेस्टरने चष्मा कपाळावर सरकवला.
"विमा. कर्जदाराचा."
नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.
टेम्पोचं कर्ज त्याच्याबरोबरच फिटायचं होतं,
आणि ही बाई पिको-फॉल करकरून
मेलेल्या कर्जाचे हप्ते भरत राहिली,
जमेनासं झालं तोवर.

मला वाटलं रडतील, नाहीतर शिव्या देतील.
त्यांनी फक्त विचारलं, "ह्यांना माहीत होतं का?"
शेवटच्या पानावर त्याची सही होती,
त्या दिवशी केलेल्या सतरा सह्यांतली एक,
र चा पाय लांब ओढलेला.
सिल्वेस्टर खिडकीकडे बघत बसला.
सतराव्या सहीवर बोट ठेवून "इथे पण" म्हणणारा माणूस
तीस वर्षं तोच होता, दुसऱ्या कुठल्या शाखेत.

नोटीस पुरावा म्हणून जोडायची होती.
रुबीनाने खालून मूठभर पीठ आणलं,
कागदावर भुरभुरलं, जरा वेळाने फुंकलं.
तेल गेलं. "ताबा" राहिला, स्पष्ट.

घर वाचलं असं मी कुणाला सांगत नाही.
स्थगिती आहे, चौदा तारखेपर्यंत.
बँकेच्या वकिलाने वेळ मागितलाय
आणि तो गोड बोलला, ते मला आवडलेलं नाही.

रात्री चेंबूरला परतते.
माझं घर अकरा महिन्यांच्या कराराचं, दहावा चालू आहे.
किल्ली लावायच्या आधी दारावरून हात फिरवते,
सवय झालीय.
लाकूड कोरडं आहे.